साखर, सुक्कर, शुगर : शब्द कुणाचा?

माळशिरस तालुक्यात साखरेवर बोलायला निमित्त लागत नाही. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर इथला ऊस वाढला. १९३२ साली सरकारने देशी साखर धंद्याला जकातीचं संरक्षण दिलं. त्याच दशकात मूळच्या सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला कारखाना उभा केला, श्रीपूरलाही एक कारखाना झाला. पुढे अकलूजजवळ शंकरनगरला आणि सदाशिवनगरला सहकारी कारखाने आले. उतारा किती लागला, पहिली उचल किती मिळणार, तोड कधी येणार, ही इथल्या पारावरची रोजची बोलणी.

या बोलण्यात एक गोष्ट मात्र क्वचितच निघते. ‘साखर’ हा शब्द पोर्तुगालपासून रशियापर्यंत युरोपातल्या बहुतेक भाषांत आहे आणि तो तिकडे आपल्याकडून गेला आहे. कधी विषय निघालाच, तर दोन मतं हमखास समोर येतात. एक म्हणतं, हा आपल्या भाषेच्या थोरवीचा पुरावा. दुसरं म्हणतं, पुरावा आहे, पण कशाचा ते नीट तपासा. ही दोन मतं इथे समोरासमोर बसवली आहेत. अण्णा साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे आटत्या रसातून दाणा पाडणारे, होते, आता निवृत्त आहेत. त्यांची पुतणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकते. माणसं कल्पित आहेत, पण त्यांचे मुद्दे आणि माहिती खरी आहे.

अण्णा : हे बघ पोरी, इंग्रज म्हणतो शुगर, फ्रेंच म्हणतो स्यूक्र, जर्मन त्सुकर, इटालियन त्सुक्केरो आणि रशियन तर चक्क साखार. यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा? शर्करा हा संस्कृत शब्द. तो या सगळ्या भाषांत आहे, म्हणजे संस्कृत या सगळ्यांची आई.

पुतणी : अण्णा, शब्द इथून गेला हे अगदी खरं. पण त्यावरून संस्कृत त्यांची आई ठरत नाही. उलट हा शब्द त्या म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

अण्णा : विरुद्ध कशी? कलकत्त्याला सर विल्यम जोन्सनेच सांगितलं ना, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं आहे म्हणून?

पुतणी : सांगितलं, १७८६ साली. पण त्यांचं म्हणणं नीट बघा. या तिन्ही भाषा एका समान मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आज उरलेलं नसेल, असं ते म्हणाले. म्हणजे या बहिणी झाल्या. आणि बहिणींना आईकडून मिळालेले शब्द वेगळे, एकीने दुसरीकडून मागून नेलेले शब्द वेगळे. ‘मध’ घ्या. संस्कृत मधु, रशियन म्योद, लिथुआनियन मेदुस, इंग्रजीत मधाच्या दारूला मीड. हा शब्द कुणी कुणाकडून नेलेला नाही, सगळ्यांच्या घरात पहिल्यापासून आहे. साखरेचं तसं नाही.

अण्णा : हे कशावरून ठरवायचं? दोन्हीकडं साम्य आहेच की.

पुतणी : साम्यावरून ठरत नाहीच, फरकावरून ठरतं. आपण ‘शत’ म्हणतो तिथे लॅटिनमध्ये ‘केंटुम’ आहे. ‘दश’ला तिकडे ‘डेकेम’. ‘अश्व’ला ‘एक्वुस’. घरातल्या जुन्या शब्दांत जिथे संस्कृतात ‘श’ येतो, तिथे ग्रीक-लॅटिनमध्ये ‘क’सारखा उच्चार मिळतो. एकदोन शब्दांत नाही, रांगेने. शर्करा हा त्यांच्या घरातलाच शब्द असता, तर तिकडे तो ‘क’ने सुरू व्हायला हवा होता. पण ग्रीकमध्ये आहे ‘साक्खारोन’, लॅटिनमध्ये ‘साक्खारुम’. सुरुवातीला ‘स’. म्हणजे वस्तू गेली आणि वस्तूबरोबर नाव गेलं.

अण्णा : बरं, गेलं. पण गेलं ते संस्कृतातूनच ना?

पुतणी : तिथेच तर खरी गंमत आहे, अण्णा. ‘शर्करा’त ‘र्क’ आहे. ग्रीक शब्दात तो ‘र’ गळालाय, ‘श’चा ‘स’ झालाय आणि ‘क’च्या जागी ‘क्ख’ आलाय. ग्रीकांनी हे बदल केले नाहीत, ते आधी इथेच झाले होते. पाली भाषेत शब्द आहे ‘सक्खरा’. ग्रीक व्यापाऱ्याच्या कानावर पडला तो हा, लोकांच्या तोंडचा शब्द.

अण्णा : म्हणजे प्राकृत.

पुतणी : प्राकृतच. आणि आपला ‘साखर’ही त्याच वळणाचा. कर्म, कम्म, काम. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. प्राकृतातलं जोडाक्षर मराठीत सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो. त्याच नियमाने शर्करा, सक्खरा, साखर. ‘ज्ञानेश्वरी’त साखरेचे दृष्टान्त येतात तोवर हा बदल जुना झाला होता. तेव्हा युरोपात गेलेला शब्द आणि माळीनगरच्या गोदामातल्या पोत्यावरचा शब्द, दोन्ही लोकभाषेतून आलेले आहेत. शास्त्रीपंडितांची भाषा त्यांची आजी म्हणा हवं तर, पण हात धरून त्यांना बाजारात नेलं ते बोलीनं.

अण्णा : हे मला पटतंय आणि आवडतंयही. पण बाजारात नेलं म्हणतेस, त्याला काही आधार?

पुतणी : आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं प्रवासपुस्तक आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून, भडोचच्या बाजूने, आफ्रिकेच्या बंदरांत काय काय माल जायचा त्याची यादी त्यात दिलीय. गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि ‘साक्खारी नावाचा बोरूतला मध’. त्याच सुमाराला डायोस्कोरिडीस हा ग्रीक वैद्य लिहितो, की भारतातल्या बोरूंत घट्ट झालेला एक प्रकारचा मध सापडतो, तो मिठासारखा असतो आणि दाताखाली मोडतो. तेव्हा ते तिकडे औषध होतं. चहात टाकायची वस्तू नव्हती.

अण्णा : पेरिप्लसमध्ये आपल्याकडचं आणखी काही?

पुतणी : पैठणचं नाव आहे, आणि तगर, म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं असं त्यात लिहिलंय.

अण्णा : मग साखरही तेरहूनच गेली असणार!

पुतणी : नाही अण्णा, असं त्यात नाही. तेरचं कापड म्हटलंय, साखर म्हटलेली नाही. आहे तेवढंच आपण म्हणायचं.

अण्णा : बरं. पण मग एक सांग. ग्रीकांनी नेलेला शब्द ‘साक्खारोन’. त्यातून रशियाचा ‘साखार’ समजतो. इंग्रजाच्या ‘शुगर’मधला उकार कुठला? स्पॅनिश ‘असूकार’ला पुढं ‘अ’ कुठून चिकटला?

पुतणी : म्हणजे शब्द एकाच वाटेने गेला नाही. निदान तीन मोठ्या वाटा आहेत. पहिली ग्रीकांची. तिच्यावर रशियन साखार, बल्गेरियन झाहार, रुमानियन झाहर. लॅटिनचा साक्खारुमही इथलाच. म्हणूनच लिनियसने १७५३ मध्ये उसाला ‘सॅकरम ऑफिसिनॅरम’ असं शास्त्रीय नाव दिलं. दुसरी वाट मोठी, अरबांची. इराणात तो ‘शकर’ होता, अरबीत ‘सुक्कर’ झाला. तो उकार इथला. अरबांनी नुसती साखर विकली नाही, ऊसच भूमध्य समुद्राच्या काठावर लावला, सिसिलीत आणि स्पेनमध्ये. तिसरी तुर्कांची. तुर्की ‘शेकेर’ बाल्कनमध्ये गेला, म्हणून सर्बियात आणि अल्बेनियात आजही ‘शेचेर’.

अण्णा : आणि तो ‘अ’?

पुतणी : अरबीत नामाच्या आधी ‘अल’ लागतं. सुक्करच्या आधी ते ‘अस्’ होतं, अस्-सुक्कर. स्पेनमध्ये अरबांचं राज्य कित्येक शतकं होतं. तिथल्या लोकांनी शब्द कानावर पडला तसा अख्खा उचलला. म्हणून स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘असूकार’. इटलीत ‘अस्’ सुटलं, ‘त्सुक्केरो’ उरलं. कापसाचंही असंच. अरबी ‘कुत्न’ स्पेनमध्ये ‘अल्गोदोन’, इटलीत ‘कोतोने’. एका शब्दावर भिस्त ठेवायची नाही, जोडीदार शब्द तपासायचा. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, तेव्हा वाट पक्की. इटलीहून जर्मनीत त्सुकर, तिथून पुढे पोलिश, चेक आणि स्लोव्हाक भाषांकडे. फ्रान्समधून इंग्लंडात.

अण्णा : आता माझं ऐक. तू वाटा सांगितल्यास, ग्रीक, अरब, तुर्क सांगितलेस. सगळं मान्य. पण या तुझ्या हिशोबात व्यापारी दिसतो, राजा दिसतो, वैद्य दिसतो. साखर करणारा कुठंय?

पुतणी : म्हणजे?

अण्णा : शर्करा म्हणजे मुळात काय?

पुतणी : वाळू, खडे, बारीक कंकर. साखरेचा अर्थ नंतरचा.

अण्णा : मग? रस आटवला की गूळ होतो, ते कुणालाही जमेल. पण रसातून दाणा काढणं हे कसब आहे. मी सगळी नोकरी पॅनवर केली. सिरप आटत आलं की त्यात बी टाकायचं, आणि मग दाणा धरतोय का याकडं डोळ्यात तेल घालून बघायचं. सळई आत घालून नमुना काढायचा, काचेवर पसरायचा, उजेडासमोर धरायचा. दाणे सारखे हवेत, मधी बारीक चुरा नको. चुरा दिसला की पाणी मारून तो विरघळवायचा. वाफ जरा जास्त झाली की पॅन गेला. आजही बाजारात साखरेचा भाव दाण्यावर ठरतो, एस-३० वेगळी, एम-३० वेगळी. आता मला सांग, या पदार्थाला ‘वाळू’ असं नाव पहिल्यांदा कोण देईल? ज्यानं दोन बोटांत दाणा चोळून बघितला तोच. राजा देणार नाही, व्यापारी देणार नाही.

पुतणी : हे मला कुठल्या पुस्तकात असं मिळालं नव्हतं, अण्णा. पण पुस्तकं तुमच्या बाजूने आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या पदार्थांची यादी आहे. फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड, शर्करा. काकवीपासून दाण्यापर्यंत एकेक पायरी. इतकी नावं करणाऱ्यालाच लागतात, खाणाऱ्याला नाही.

अण्णा : तेच म्हणतोय. आणि त्यातला ‘खण्ड’ कुठं गेला, तेही सांग.

पुतणी : तोही गेला. खण्ड, फारसीत ‘कंद’, अरबीतही ‘कंद’, मग इटालियन ‘त्सुक्केरो कांदितो’, फ्रेंच ‘स्यूक्र कांदी’ आणि इंग्रजी ‘कँडी’. खडीसाखरेतला खडा युरोपात फिरून मुलांच्या हातात गोळी होऊन आला. आपला ‘गुलकंद’ही त्याच घराण्यातला. फारसीतला गुल म्हणजे गुलाब, आणि कंद म्हणजे आपलीच खांड. आणखी एक सांगू? निर्यातीच्या गुळाच्या खोक्यावर ‘जॅगरी’ असं छापतात ना, तोसुद्धा शर्कराच. मलबारात ‘चक्करा’, पोर्तुगीजांच्या तोंडी ‘जागरा’, इंग्रजांच्या तोंडी जॅगरी. गूळ आणि साखर इंग्रजीत वेगळी नावं घेऊन बसलीत, पण दोन्ही नावांचं मूळ एक.

अण्णा : मग शेवटी शब्द आपलाच!

पुतणी : सुरुवात आपली, हे मी केव्हाच मान्य केलंय. पण ‘आपलाच’ म्हटलं की मधले हात पुसले जातात. साखर कारखाना म्हणतो आपण. त्यातला ‘कारखाना’ फारसी. ‘हंगाम’ फारसी. पॅनमनचा ‘पगार’ पोर्तुगीज. हे शब्द आपण परत करणार आहोत का? हिंदीवाले साखरेला चिनी म्हणतात. आणि चीनचा तांग सम्राट तर सातव्या शतकात साखर करण्याची रीत शिकायला मगधात माणसं पाठवत होता. नावावरून मालकी ठरवायला गेलो, तर उद्या कुणी म्हणेल साखर चीनची.

अण्णा : मालकी नको म्हण. पण श्रेय तरी?

पुतणी : श्रेय द्या, जरूर द्या. पण मग पूर्ण द्या. साखरेच्या वाटेवर फक्त व्यापारी नव्हते. पोर्तुगीजांनी ऊस मदेइरा बेटावर आणि ब्राझीलला नेला, मग वेस्ट इंडिजची बेटं. आफ्रिकेतून माणसं गुलाम करून नेली ती मुख्यतः याच मळ्यांसाठी. गुलामी कायद्याने थांबली तेव्हा मजूर हवे होते म्हणून आपली माणसं करारावर नेली. १८३४ पासून मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांमध्ये मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे शाळेत मराठी शिकतात. तिथल्या क्रिओल भाषेत साखरेला काय म्हणतात माहीत आहे? ‘दिसिक’.

अण्णा : यात साखर कुठं आहे?

पुतणी : फ्रेंचमध्ये ‘द्यु स्यूक्र’ म्हणजे थोडी साखर. क्रिओलमध्ये ते अख्खं उचललं गेलं, शेवटचा ‘र’ गळला आणि दिसिक झालं. स्पेनमध्ये अरबी ‘अस्’ चिकटलं, इथे फ्रेंच ‘द्यु’. रीत तीच. सक्खरा म्हणणाऱ्यांच्या पोरांची पोरं समुद्रापार ऊस तोडायला गेली आणि तिथे साखरेला दिसिक म्हणायला लागली. हा शब्द अभिमानाचा आहे, अण्णा, पण नुसता अभिमानाचा नाही.

अण्णा : आणि आज? युरोपात ऊस तरी कुठं पिकतो?

पुतणी : जवळपास नाहीच. १७४७ मध्ये मारग्राफ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बीटमध्ये साखर शोधली. पुढे नेपोलियनच्या काळात समुद्री वाटा बंद पडल्या, बाहेरची साखर येईना, तेव्हा फ्रान्समध्ये बीटला जोर आला. आज युरोपची साखर मुख्यतः बीटची. ऊस गेला, वाट बदलली, पीक बदललं, नाव तेच राहिलं. ‘सॅकरिन’चं तर विचारूच नका. १८७९ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेला पदार्थ तो. त्यात साखरेचा कण नाही, पण नाव सक्खरेचं.

अण्णा : मग मी लोकांना काय सांगू? संस्कृत आई नाही म्हणून सांगितलं तर इथं कुणी ऐकायचं नाही.

पुतणी : एवढंच सांगा की जगाने साखरेचं नाव घेतलं ते आपल्या बोलीतून. दाणा ज्याने पहिल्यांदा काढला त्याने ते ठेवलं, आणि बाजारात बोलणाऱ्या माणसाने ते जगाला दिलं. यात कमीपणा कुठे आहे?

अण्णा : कमीपणा नाही. उलट मला तर हे जास्त जवळचं वाटतंय.

इथे दोघांची मतं पूर्ण जुळली असं नाही. अण्णांना अजूनही वाटतं की पहिल्या हाताचं नाव पहिल्यांदा घेतलं पाहिजे. पुतणीला वाटतं की पहिल्या हाताइतकेच पुढचे हात मोजले पाहिजेत. माझ्या मते दोघांचं म्हणणं एकाच वेळी धरता येतं, आणि धरायलाच हवं. ‘सगळं संस्कृतातून निघालं’ या वाक्याने आपण स्वतःचंच नुकसान करतो. त्यात युरोपच्या भाषांचा इतिहास चुकतोच, शिवाय सक्खरा म्हणणारी आपली लोकभाषा, जी मराठीची खरी पूर्वज, तीही झाकली जाते. नऊशे-हजार वर्षांच्या मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिच्यामागच्या प्राकृताचा अभिमान बाळगायला शिकलं पाहिजे. आणि अभिमान बाळगायचा तर साम्य दाखवून भागत नाही. ‘र’ कुठे गळाला, उकार कुठे आला, ‘अस्’ कुणी चिकटवलं, हे दाखवता आलं पाहिजे. पुरावा या फरकांत असतो.

दुसरी गोष्ट तातडीची आहे. कौटिल्याच्या यादीतले पाच शब्द टिकले, कारण ते कुणीतरी लिहून ठेवले. आपल्याकडे गुऱ्हाळाचे आणि फडाचे शब्द आहेत : काहील, चुलवण, गुळव्या, काकवी, मळी, ढेप, चिपाड, पाचट, वाढं, मोळी, खोडवा, निडवा, आडसाली, कोयता, मुकादम, उचल. यातले कित्येक शब्द बोलणारी माणसं आता थोडी उरली आहेत. गुऱ्हाळं बंद पडत आहेत, तोडणी यंत्रं फडात येत आहेत, पॅन संगणकावर चालू लागले आहेत. माळशिरस, फलटण, पंढरपूर, माढा या ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक शाळेत निदान एका वर्गाने घरच्या आजी-आजोबांकडून, गुळव्याकडून, टोळीतल्या बायांकडून हे शब्द अर्थासकट लिहून घ्यावेत, आणि प्रत्येक कारखान्याने आपल्या वार्षिक अहवालात त्यांच्यासाठी चार पानं राखावीत. जगाला एक शब्द देणाऱ्या या धंद्याचे बाकीचे शब्द लिहून ठेवायला फार पैसा लागत नाही. वही लागते आणि ऐकायची तयारी लागते. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांनी हे काम या हंगामातच सुरू करावं.